म्हणींतून लॅटिन शिकता येईल का?

वाचकाचं पत्र

मी सातारा जिल्ह्यात न्यायालयात लघुलेखक आहे. वय ४७. साहेबांच्या डिक्टेशनमध्ये 'प्रायमा फेसी', 'सुओ मोटू', 'म्युटॅटिस म्युटॅन्डिस' असे शब्द रोज येतात. स्पेलिंग चुकत नाही, ढोबळ अर्थही माहीत आहे, पण त्या शब्दांच्या आत काय चाललंय ते कळत नाही. म्हणून गेल्या वर्षी इंग्रजीतून लॅटिन शिकवणारं व्याकरण आणलं. पहिल्याच धड्यात 'मेन्सा' म्हणजे टेबल, आणि टेबलाची सगळी रूपं पाठ करा. काही महिने रेटलं, मग पुस्तक मिटलं.

नंतर लॅटिन म्हणी आणि बोधवाक्यांचा एक संग्रह हाती आला. आता रोज एक म्हण वहीत उतरवते आणि त्यात मन रमतं. माझी मुलगी जर्मन शिकते. ती म्हणते, आई, हे भाषा शिकणं नाही, सुविचार गोळा करणं आहे. तिचं खरं आहे का? मला दहावीला पूर्ण संस्कृत होतं, थोडंफार आठवतं. या वयात, गुरू नसताना, म्हणी आणि इसापाच्या गोष्टींवरून लॅटिन येईल का? आणि उच्चार कोणता धरू?

— एक वाचक

उत्तर

प्रिय ताई,

येईल. पण तुमच्या मुलीचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, ते आधी सांगते. म्हण वहीत उतरवली, खाली मराठी अर्थ लिहिला आणि पान उलटलं, तर वर्षभरानंतर हातात सुंदर वही असेल, भाषा नसेल. म्हण ही अख्खी भाषा आहे, फक्त तीन-चार शब्दांत मावणारी. ती उकलायला हवी, तिची रूपं ओळखायला हवीत, तिच्या साच्यात आपलं वाक्य घालून पाहायला हवं. एवढं केलंत तर तुमची वाट टेबलाच्या रूपांपेक्षा चांगली आहे, असं मी छातीठोकपणे सांगेन.

ही वाट नवी नाही. खुद्द रोममधली मुलं अशीच शिकत. क्विन्टिलियन हा पहिल्या शतकातला रोमचा नामवंत शिक्षक. तो लिहितो की मुलांना अक्षर वळवण्यासाठी ज्या ओळी गिरवायला देतो त्या निरर्थक नसाव्यात, त्यांत काही चांगली शिकवण असावी. म्हणजे आपला कित्ताच. दाईने सांगितलेल्या गोष्टींच्या पाठोपाठ इसापाच्या गोष्टी याव्यात, मुलांनी त्या आधी साध्या शब्दांत तोंडी सांगाव्यात, मग लिहाव्यात, असंही तो सुचवतो. पुब्लिलियुस सायरस हा इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकात सीरियातून गुलाम म्हणून रोमला आलेला नाटककार. त्याची नाटकं काळाच्या ओघात गेली, पण त्यांतली सुटी वाक्यं शाळांनी जपली. 'कातोची दोहे' म्हणावीत अशी एक छोटी पोथी तर मध्ययुगात युरोपभर पहिलं पुस्तक म्हणून वाचली जाई. तिच्या आरंभी दोन-दोन शब्दांच्या आज्ञा आहेत: 'परेन्तेस अमा', आईवडिलांवर प्रेम कर, 'मगिस्त्रुम मेतुए', गुरूचा धाक बाळग. एक कर्म, एक आज्ञार्थ, झालं वाक्य. हीच पोथी बेन्जामिन फ्रँकलिनने १७३५ मध्ये फिलाडेल्फियात इंग्रजी भाषांतरातून छापली.

आणि इरॅस्मस. पॅरिसमध्ये शिकवण्या करून पोट भरणाऱ्या या विद्वानाने १५०० साली सुमारे आठशे म्हणींचं पुस्तक काढलं. लोकांना सफाईदार लॅटिन लिहिता यावं, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. तो जन्मभर त्यात भर घालत राहिला. १५३६ मध्ये तो वारला तेव्हा म्हणींची संख्या ४१५१ झाली होती, आणि काही म्हणींवरचं त्याचं विवेचन स्वतंत्र निबंधाएवढं वाढलं होतं. तेव्हा म्हणी गोळा करण्यात कमीपणा काही नाही. इरॅस्मस गोळा केलेली प्रत्येक म्हण उलगडत होता, एवढंच लक्षात ठेवा.

आता तुमच्या अडचणीचं मूळ. तुम्ही लॅटिनकडे इंग्रजीच्या दारातून गेलात. इंग्रजीत नामांना विभक्ती जवळजवळ उरलेलीच नाही, म्हणून त्या पुस्तकाला प्रत्येक रूप परकं म्हणून समजवावं लागतं. तुम्ही मराठी बोलता आणि 'रामः रामौ रामाः' घोकलेलं आहे. तुम्हाला विभक्ती म्हणजे काय हे कुणी सांगायला नको. १७८६ साली विल्यम जोन्सने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं असं सांगितलं. तुमच्यासाठी तो आता रोजच्या कामाचा ठेवा आहे.

तुमच्या टंकलेखनापासूनच सुरुवात करू. प्रतिज्ञापत्राला तुम्ही 'अफिडेव्हिट' म्हणता. ते नाम नाही, क्रियापद आहे: 'त्याने शपथेवर सांगितलं'. शेवटचा 'त' म्हणजे तो किंवा ती, संस्कृतातल्या 'वदति'चा 'ति'. 'हेबियस कॉर्पस'मधला 'हबेआस' म्हणजे 'तू हजर ठेवावंस'. शेवटचा 'स' हा 'वदसि'चा 'सि'. 'मॅन्डॅमस' म्हणजे 'आम्ही आज्ञा करतो'. त्यातला 'मुस' हा 'वदामः'चा 'मः'. राज्यघटनेच्या ३२ आणि २२६ या अनुच्छेदांतल्या रिटची नावं वाचताना तुम्ही नकळत क्रियापदाचे पुरुष आणि वचन वाचत होतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली 'कॅव्हेट' दाखल होतं, तेही क्रियापद: 'त्याने सावध असावं'. 'हबेआस' आणि 'कवेआत' या दोन्हींत आपला विध्यर्थ आहे, 'असावं', 'ठेवावंस'. सांगायला आनंद वाटतो की लॅटिन व्याकरणातलं एक अवघड मानलेलं प्रकरण तुमच्या कपाटात फायलींवर लिहिलेलं आहे.

विभक्तीचंही तसंच. 'सुओ मोतू', 'प्रीमा फकिए', 'बोना फिदे', 'एक्स पर्ते', 'सुब यूदिके': हे सगळे एकाच विभक्तीचे शब्द आहेत. संस्कृतात आठ विभक्ती, लॅटिनमध्ये सहा, कारण तृतीया, पंचमी आणि सप्तमी या तिघींचं बहुतेक काम तिथे एकटी अ‍ॅब्लेटिव्ह करते. 'सुओ मोतू' म्हणजे स्वतःच्या हालचालीने, म्हणून आपण 'स्वतःहून' लिहितो. 'प्रीमा फकिए' म्हणजे पहिल्या दर्शनाने, म्हणून 'प्रथमदर्शनी'. आणि 'म्युटॅटिस म्युटॅन्डिस'? तुम्ही शाळेत 'सति सप्तमी' शिकला असाल: 'सूर्ये अस्तं गते', सूर्य मावळल्यावर. लॅटिनमध्ये हीच रचना अ‍ॅब्लेटिव्हमध्ये होते. 'मूतातीस मूतन्दीस', बदलायचं ते बदलून झाल्यावर. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यावर मोठा धडा लागतो. तुम्हाला दोन ओळी पुरल्या.

म्हणींमध्ये तुमचा फायदा आणखी मोठा आहे, कारण कितीतरी लॅटिन म्हणी तुम्हाला आधीच येतात. 'क्वालिस रेक्स, तालिस ग्रेक्स': जसा राजा तसा कळप, म्हणजे यथा राजा तथा प्रजा. 'क्वोत होमिनेस, तोत सेन्तेन्तिआय': जितकी माणसं तितकी मतं, व्यक्ती तितक्या प्रकृती. हे तेरेन्तियुसच्या नाटकातलं वाक्य. 'उत सेमेन्तेम फेकेरिस, इता मेतेस': पेरावं तसं उगवतं, हे रोमन वक्ता किकेरो (इंग्रजीत सिसेरो) याच्या ग्रंथात येतं. या तिन्ही म्हणी एकापाठोपाठ म्हणा. क्वालिस-तालिस, क्वोत-तोत, उत-इता. आपलं जसा-तसा, जितके-तितके. 'क्वोत' तर संस्कृत 'कति'चाच भाऊ. मराठी माणूस दिवसातून शंभरदा अशी जोडवाक्यं बोलतो, म्हणून लॅटिन वाक्याचा हा सांधा त्याला पहिल्या महिन्यात कळतो. (शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व 'अ' आपण मराठीत गिळतो. तो ऐकू यावा म्हणून अशा ठिकाणी मी काना दिला आहे. वहीत लिहिताना मात्र रोमन अक्षरंच वापरा.)

आणखी काही देते, शेजारी मराठी म्हण लिहून ठेवा. 'एक्स उंग्वे लेओनेम', नखावरून सिंह: शितावरून भाताची परीक्षा. 'इन्तेर काइकोस रेग्नत लुस्कुस', आंधळ्यांत काण्याचं राज्य: वासरांत लंगडी गाय शहाणी. 'असिनुस असिनुम फ्रिकत', गाढव गाढवाला खाजवतं: उंटाच्या लग्नात गाढवांनी गाणं म्हटलं ते सुभाषित आठवा, 'परस्परं प्रशंसन्ति अहो रूपमहो ध्वनिः'. 'वोक्स पोपुली, वोक्स देई': पाचामुखी परमेश्वर, आणि 'वोक्स' म्हणजे आपली वाक्. रोमन कवी होरातियुस (इंग्रजीत होरेस) याची ओळ, 'पर्तुरिएन्त मोन्तेस, नास्केतुर रीदिकुलुस मूस': डोंगर कळा देतील आणि जन्माला येईल हास्यास्पद उंदीर. आपण डोंगर पोखरून उंदीर काढतो. दोन्ही क्रियापदं भविष्यकाळाची आहेत, आणि 'मूस' ऐकून मूषक आठवला नाही तरच नवल.

जिथे म्हण जुळत नाही तिथे दुप्पट लक्ष द्या. ज्याच्याविषयी बोलत होतो तोच दारात आला, तर आपण म्हणतो, शंभर वर्षं आयुष्य आहे तुला. रोमन माणूस म्हणे, 'लुपुस इन फाबुला', गोष्टीतला लांडगा. आपण आशीर्वाद देतो, ते गप्प होतात. अशी म्हण आपोआप लक्षात राहते.

आता उकलायची रीत. 'मनुस मनुम लवत', हात हाताला धुतो. मोठ्याने वाचा. शब्दांचा क्रम पाहा: कर्ता, कर्म, क्रियापद, अगदी मराठीसारखा. मग प्रत्येक शब्दाखाली लिहा: मनुस प्रथमा, मनुम द्वितीया, लवत तृतीय पुरुष एकवचन. मग शेजारी 'असिनुस असिनुम फ्रिकत' ठेवा, साचा तोच. आता अनेकवचन करा: 'असिनी असिनोस फ्रिकन्त', गाढवं गाढवांना खाजवतात. शेवटी आपलं वाक्य घाला: 'सोरोर सोरोरेम लाउदत', बहीण बहिणीची स्तुती करते. 'मनुस' आणि 'असिनुस' दिसायला सारखे असले तरी वेगळ्या गणांतले आहेत, हे पुढे कळेल, आज त्यावर अडू नका. टेबलाची रूपं तुम्हाला नकोशी झाली, कारण त्या टेबलाला काही करायचं नव्हतं. इथे रूप बदललं की अर्थ बदलतो, तो दिसतो, आणि दिसलेलं विसरत नाही. कोष्टक कायमचं टाळा असं मी म्हणणार नाही. पंधरा-वीस म्हणी उकलून झाल्या की तेच जुनं व्याकरण उघडा. कोष्टकातला प्रत्येक घर तुम्हाला कुठल्या ना कुठल्या म्हणीने आधीच भरलेला दिसेल.

या वाटेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. म्हणीत क्रियापद बऱ्याचदा गाळलेलं असतं. 'होमो होमिनी लुपुस', माणूस माणसाला लांडगा, यात 'आहे' नाही. भूतकाळ क्वचित भेटतो. लांब वाक्य, संवाद, 'पण', 'म्हणून', 'तेव्हा' यांनी जोडलेलं बोलणं म्हणींत नसतं. दुसरी अडचण अशी की म्हण पुष्कळदा कापलेली असते. व्यायामशाळांच्या भिंतीवर दिसणारं 'मेन्स साना इन कोर्पोरे सानो' हे युवेनालिसच्या कवितेतल्या एका मोठ्या वाक्याचं शेपूट आहे. कवी सांगतोय की देवाकडे मागायचंच असेल तर निरोगी शरीरात निरोगी मन मागा. ती प्रार्थना आहे, व्यायामाची जाहिरात नाही. आणि 'वोक्स पोपुली'? आठव्या शतकाच्या अखेरीस अल्क्विन नावाच्या पंडिताने शार्लमेन राजाला पत्र लिहिलं, त्यात तो बजावतो की असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, गर्दीचा गोंधळ वेडेपणाच्या जवळ असतो. म्हणीच्या मागे-पुढे काय होतं ते शोधण्याची सवय लावा. संग्रहात मूळ लेखकाचं नाव असेल तर त्याला पसंती द्या. नाव नसलेली म्हण खोटी असते असं नाही. मध्ययुगातल्या शाळांत घडलेल्या कित्येक म्हणींना कर्ताच नाही.

म्हणून शे-दीडशे म्हणी उकलून झाल्या की गोष्टींकडे वळा. इथे मी तुम्हाला थोडं थांबवणार आहे, कारण मला स्वतःला लॅटिनमधली ही जागा सगळ्यांत प्रिय आहे.

इसाप मराठीत फार आधी आला. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात त्याच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या, पुढे बापू छत्र्यांची इसापनीती आली, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलं त्यावर वाढली. म्हणजे गोष्ट तुम्हाला माहीत आहे, फक्त भाषा नवी आहे. नवशिक्याला याहून मोठा आधार नाही. पुढचं वाक्य काय असणार हे ठाऊक असताना शब्दाचा अर्थ निम्मा आपोआप लागतो. लॅटिनमध्ये या गोष्टी पद्यात आणल्या फायद्रुसने. तो सम्राट ऑगस्टसचा मुक्त केलेला गुलाम. त्याची पाच पुस्तकं आहेत. त्याच्याच गोष्टींवरून मध्ययुगात सोपी गद्य रूपं झाली. आधी गद्य वाचा, मग फायद्रुस.

त्याची कोल्ह्याची गोष्ट पाहा. 'फमे कोआक्ता वुल्पेस अल्ता इन वीनेआ / ऊवम अद्पेतेबत, सुम्मीस सलिएन्स वीरिबुस'. शब्द विखुरलेले वाटतात ना? शाळेत श्लोकाचं काय करायचो आपण? अन्वय. तोच इथे लावा: 'वुल्पेस, फमे कोआक्ता, इन अल्ता वीनेआ ऊवम अद्पेतेबत, सुम्मीस वीरिबुस सलिएन्स'. कोल्हीण (लॅटिनमध्ये ती स्त्रीलिंगी आहे), भुकेने भाग पडलेली, द्राक्षाच्या उंच मांडवावर, द्राक्षं मिळवू पाहत होती, सगळ्या शक्तीनिशी उड्या मारत. 'कोआक्ता' हे आपलं क्त-प्रत्ययान्त, 'गता', 'कृता'सारखं. 'सलिएन्स' हे शतृ, 'गच्छन्ती'सारखं. 'अद्पेतेबत'मधला 'बा' भूतकाळातली चालू क्रिया दाखवतो. 'फमे' भुकेने, 'वीनेआ' मांडवावर, 'वीरिबुस' शक्तीने: तीन शब्द, तीन वेगळी कामं, विभक्ती तीच अ‍ॅब्लेटिव्ह. अख्खं प्रकरण दोन ओळींत. आणि मग ती निघताना म्हणते, 'नोलो अकेर्बम सूमेरे', आंबट घ्यायची मला इच्छा नाही. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, हे आपण ज्या गोष्टीवरून म्हणतो ती हीच.

वाचून झालं की क्विन्टिलियनने सांगितलं ते करा: पद्य मोडा आणि आपल्या शब्दांत सांगा. 'वुल्पेस ऊवम विदेत. ऊवा अल्ता एस्त. वुल्पेस सलित. ऊवम नोन तंगित. ऊवा अकेर्बा एस्त, इन्क्वित.' कोल्हीण द्राक्षं पाहते. द्राक्षं उंच आहेत. ती उडी मारते. हात लागत नाही. आंबट आहेत, म्हणते. 'एस्त' म्हणजे 'अस्ति'. एवढं तुम्ही स्वतः लिहिलंत की मुलीला वही दाखवा. ते सुविचार गोळा करणं उरलेलं नसेल.

लांडगा आणि कोकराची गोष्ट तुम्ही न्यायालयात काम करणारी म्हणून आवर्जून वाचावी. फायद्रुसच्या पहिल्या पुस्तकातली ती पहिलीच गोष्ट. 'सुपेरिओर स्ताबत लुपुस, लोंगेक्वे इन्फेरिओर अग्नुस': वरच्या बाजूला लांडगा उभा, खूप खाली कोकरू. 'लोंगेक्वे'च्या शेवटी चिकटलेला 'क्वे' म्हणजे आपला 'च', रामश्च-सीता-च यातला, तोही शब्दाच्या मागेच येतो. लांडगा आरोप करतो की तू पाणी गढूळ केलंस. कोकरू म्हणतं, पाणी तुमच्याकडून माझ्याकडे वाहतंय. सहा महिन्यांपूर्वी तू मला शिव्या दिल्यास. तेव्हा मी जन्मलोच नव्हतो. मग तुझ्या बापाने दिल्या असतील! आणि फाडून खातो. शेवटी फायद्रुस सांगतो की ही गोष्ट त्यांच्यासाठी आहे 'क्वी फिक्तीस काउसीस इन्नोकेन्तेस ओप्प्रिमुन्त', जे खोटी कारणं रचून निरपराधांना चिरडतात. हे त्याने नुसतं ऐकीव लिहिलेलं नाही. सम्राट तिबेरियुसच्या अंगरक्षक दलाचा बलाढ्य प्रमुख सेयानुस फायद्रुसवर उलटला होता. तिसऱ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो लिहितो की आरोप करणारा, साक्षीदार आणि न्यायाधीश सेयानुसहून वेगळे असते तर मी दोष कबूल केला असता. 'नेमो यूदेक्स इन काउसा सुआ', स्वतःच्या खटल्यात कुणी न्यायाधीश नसतो, हे तत्त्व तुम्ही कित्येक निकालपत्रांत टाईप केलं असेल. एका मुक्त गुलामाच्या प्रस्तावनेत त्याची झळ लागलेली दिसते. म्हणींपाशीच थांबलात तर हे हाती लागणार नाही, म्हणून मी गोष्टींसाठी एवढी आग्रही आहे.

बोधवाक्यांबद्दल थोडक्यात. ती बहुतेक क्रियापदाविना असतात, त्यामुळे शिकायला मिळतं कमी, पण भिंतीवर, बिल्ल्यावर भेटतात हा फायदा. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचं 'प्रोवोकान्स अद वोलन्दुम' मात्र सोन्यासारखं आहे: 'उडायला प्रवृत्त करणारा'. पिलांना उडायला लावणाऱ्या गरुडाचं हे वर्णन बायबलमधल्या 'अनुवाद' (इंग्रजीत ड्युटेरॉनॉमी) या पुस्तकातून घेतलेलं आहे. शतृ-प्रत्ययान्त आणि 'उडण्यासाठी' हा हेतू, दोन्ही तीन शब्दांत. मुंबईला पूर्वी 'उर्ब्स प्रीमा इन इन्दिस' म्हणत, हिंदुस्थानातलं पहिलं नगर. ऑलिम्पिकचं 'कितियुस, अल्तियुस, फोर्तियुस' म्हणजे अधिक वेगाने, अधिक उंच, अधिक जोमाने. २०२१ मध्ये त्याला 'कोम्मूनितेर', एकत्र, हा शब्द जोडला. शेवटी 'इयुस' पाहिलं की तर-भाव ओळखायचा. बस.

उच्चाराबद्दल माझं मत ठाम आहे. प्राचीन रोमन उच्चार धरा: 'सी' अक्षर नेहमी 'क', म्हणून किकेरो. चर्चमध्ये चिचेरो म्हणतात, इंग्रज वकील सिसेरो म्हणतात, तेही चूक नाहीत, आपापल्या जागी. न्यायालयात साहेब 'प्रायमा फेसी' म्हणतात तिथे तुम्हीही तेच म्हणा. घरी अभ्यासाला मात्र ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर पाळा, कारण लॅटिनमध्ये तो अर्थाचा प्रश्न आहे: 'मलुम' म्हणजे वाईट, 'मालुम' म्हणजे सफरचंद. आणि एकदा ऱ्हस्व-दीर्घ बसलं की वृत्त ऐकू यायला लागतं. त्याचा नियम तुम्हाला पाठ आहे: दीर्घ स्वर गुरू, आणि जोडाक्षरापूर्वीचं अक्षर ऱ्हस्व असलं तरी गुरू. लॅटिन पद्याची मोजणी हीच, फक्त ती दोन व्यंजनं दोन शब्दांत विभागलेली असली तरी चालतात. काळ्या समुद्राकाठी हद्दपार असलेल्या रोमन कवी ओविडची ओळ म्हणून पाहा: 'गुत्ता कवत लपिदेम, कोन्सूमितुर आनुलुस ऊसू', थेंब दगड पोखरतो, अंगठी वापरून झिजते. गुरू लघु लघु, गुरू लघु लघु, गुरू गुरू, आणि पुढेही तसंच. बोटावर मोजा, श्लोक मोजायचात तसं.

वयाची काळजी सोडा. खुद्द रोमन मुत्सद्दी थोरला कातो म्हातारपणी ग्रीक शिकला, असं किकेरो सांगतो. मुलीशी वाद घालण्याऐवजी तिला सोबतीला घ्या. जर्मनमध्ये चार विभक्ती आहेत, तिलाही प्रथमा-द्वितीयेची झटापट रोज करावी लागते. एकाच वाक्याची तिची जर्मन आणि तुमची लॅटिन रूपं शेजारी लिहिलीत तर दोघींना उपयोग होईल.

विकत घ्यायला फार काही नको. लुइस आणि शॉर्ट यांचा १८७९ सालचा लॅटिन कोश इंटरनेटवर मोफत उघडतो, तुमचं जुनं व्याकरण घरात आहेच. आठवड्याला पाचच म्हणी घ्या, रोज एक नको. उरलेले दोन दिवस त्या पाचांची अनेकवचनं आणि स्वतःची वाक्यं. पहिल्या आठवड्यात मनुस, असिनुस, रेक्स-ग्रेक्स, होमिनेस आणि पेरणीची म्हण घ्या. वहीच्या डाव्या पानावर रोमन अक्षरांत म्हण, उजव्या पानावर प्रत्येक शब्दाची विभक्ती किंवा पुरुष-वचन, आणि त्याखाली तुमचं वाक्य. मराठी अर्थ सगळ्यांत शेवटी लिहा. एखादं रूप दोन दिवस प्रयत्न करूनही लागलं नाही, तर त्या पानाचा फोटो या सदराकडे पाठवा, मी सोडवून देईन.